हवा कुणाच्या नाकाशी मोजायची?

मुंबईत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम करायचं असेल तर आधी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने तसं ठरवून दिलेलं आहे. बांधकाम १,५०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की नुसता अर्ज पुरत नाही. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं रीतसर मूल्यमापन करून जाडजूड अहवाल द्यावा लागतो. त्याला सगळे ईआयए म्हणतात. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते : शिवाजी पार्कचं अख्खं मैदान सुमारे २८ एकरांचं, म्हणजे साधारण १,१३,००० चौरस मीटर. त्याहून जास्त बांधकाम, आणि ते एकावर एक रचलेलं. खाली मॉल, वर ऑफिसं, मागे चाळीस-पन्नास मजली टॉवर, एक शाळा, एक हॉटेल, तीन मजले गाड्यांसाठी, आणि कोपऱ्यात नाल्याला चिकटून पुनर्वसनाची एक इमारत. सगळं एकाच कुंपणात. जाहिरातीत याला 'शहरातलं शहर' म्हणतात.

या अहवालात हवेवर एक प्रकरण असतं. समाजकार्याच्या एम.ए.त कुणी मला ते वाचायला शिकवलं नव्हतं. वस्तीतल्या बायांनी 'बघा हो काय लिहिलंय आमच्याबद्दल' म्हणून कागद पुढे केले, तेव्हापासून वाचू लागले. त्यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नसतं, हे त्यांना सांगणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. तक्ते असतात, वाऱ्याच्या दिशांचं फुलासारखं चित्र असतं, नकाशावर लाल ठिपके असतात. आणि जे मी वाचले त्या बहुतेकांच्या शेवटी या ना त्या शब्दांत एकच वाक्य असतं : हवेवरील परिणाम नगण्य राहील.

नगण्य म्हणजे न मोजण्याजोगा. कोण न मोजण्याजोगं ठरलं ते पाहायचं तर ही मोजणी होते कशी, इथून सुरुवात करावी लागेल. मैत्रिणींनो, हे तांत्रिक आहे म्हणून पान उलटू नका. 'तांत्रिक आहे' हे वाक्य आपल्याला आजवर पुष्कळ खोल्यांच्या बाहेर बसवत आलं आहे.

हवा मोजायचं यंत्र ठेवायचं किती उंचीवर, याचा नियम आहे. हवा आत ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावं. म्हणजे कमीत कमी दहा फूट, जास्तीत जास्त तेहतीस. नियमामागे कारण आहे. रस्त्यावरच्या एखाद्या गाडीच्या धुराने आकडा बिघडू नये, त्या भागातली सर्वसाधारण हवा कळावी. शहराची हवा मोजायला तो नियम ठीकही असेल. पण बिगारी बाईचं नाक जमिनीपासून साडेचार-पावणेपाच फुटांवर असतं. सिमेंटचं पोतं फोडताना ती वाकते तेव्हा दोन फुटांवर येतं. तिचं वर्षाचं पोर रेतीच्या ढिगावर बसून खेळतं, त्याचं नाक फुटावर. अंगणवाडीच्या पत्र्याच्या छपरावर ठेवलेल्या यंत्राला यातलं काही कळत नाही. कळू नये अशीच त्याची जागा निवडलेली असते.

मग सरासरी. २००९ साली आपल्या देशात हवेची मानकं ठरली. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण, एक घनमीटर हवेत २४ तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत. पीएम २.५, जे फुप्फुसातून पुढे थेट रक्तात उतरतात, ते ६० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी हीच मर्यादा १५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे पास होणारी हवा त्यांच्या हिशेबात चौपट घाण असू शकते. पण तो वाद बाजूला ठेवू. चोवीस तासांच्या सरासरीचीच गंमत बघा. समजा सकाळी दोन तास डंपर रिकामे होतात, कोरडी झाडलोट चालते, आणि हवेत पीएम १० चं प्रमाण ५०० वर जातं. उरलेले बावीस तास ते ५० राहतं. सरासरी काढा : ८७.५. मर्यादा १००. पास! कागद स्वच्छ. आता ते दोन तास त्या ढिगापाशी कोण उभं होतं ते विचारा. झाडू कुणाच्या हातात होता ते विचारा. चोवीस तासांची सरासरी ज्या कुणाच्या वाट्याला येते असा माणूस अस्तित्वातच नसतो, पण त्याच्याच नावाने मंजुरी मिळते.

मोजणी किती दिवस करायची? पावसाळा सोडून एका ऋतूत, तीन महिने, साधारण आठवड्यातून दोनदा. कुठला ऋतू ते सल्लागार ठरवतो, आणि सल्लागाराला पैसे देतो प्रकल्पवाला. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा मंदावतो, थंड हवेचा थर खाली बसतो, धूर आणि धूळ त्याखाली कोंडते. दवाखान्यांतल्या वाफेच्या यंत्रांपुढच्या रांगा याच दिवसांत वाढतात. मार्च ते मे समुद्रावरचा वारा जोरात असतो, घाण उडवून नेतो. तुम्ही प्रकल्पवाल्याच्या पगारावर असता, तर कुठले तीन महिने निवडले असते?

त्यानंतर येतं गणित. आधीची हवा इतकी, प्रकल्पातल्या गाड्यांमुळे आणि जनरेटरमुळे वाढ इतकी, बेरीज इतकी. वाढ काढायला संगणकावरची प्रारूपं वापरतात. एरमॉड, कॅलाइन अशी त्यांची नावं. ती वाईट नाहीत. जगभर वापरली जातात. पण कॅलाइनसारखं प्रारूप धूर मोकळ्या मैदानात पसरतो असं धरून चालतं, आणि लोअर परळचा एखादा रस्ता हे मोकळं मैदान नव्हे. दोन्ही बाजूंना काचेच्या भिंती, मध्ये गाड्यांची रांग, वर उड्डाणपूल. धूर खालीच गरगरत राहतो. त्याहून मोठी लबाडी वाढीच्या आकड्यात आहे. आधीची हवा मर्यादेच्या बाहेर असली तर अहवाल काय म्हणतो? हवा आधीपासूनच खराब आहे, आमच्यामुळे भर पडते एक-दोन मायक्रोग्रॅमची, सबब नगण्य. शेजारच्या प्लॉटवरचा दुसरा प्रकल्पही तेच लिहितो. समोरचा तिसराही. एकाच रस्त्यावर दहा प्रकल्प, दहा अहवाल, दहा नगण्य. सगळ्यांची मिळून बेरीज करण्याचं काम कुणाचंच नाही.

गिरणगावात हे आपल्या डोळ्यांदेखत झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित केली तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकाला, असा साधारण तिसऱ्या भागाचा हिशेब. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. या निर्णयावर लिहिलेल्या बहुतेक लेखांत घरांचा हिशेब आला, आणि तो यायलाच हवा होता. हवेचा मात्र फारसा कुणी मांडला नाही. त्या मैदानांवर झाडं उभी राहिली असती, वारा फिरला असता. तिथे आज तळघरात तीन-तीन मजले गाड्या उभ्या असतात. याच जमिनीवर कापसाच्या तंतूंनी कामगारांना बिसिनोसिस व्हायचा. त्या आजाराला निदान नाव होतं, कायद्यात जागा होती, युनियनच्या मागणीपत्रात ओळ होती. मॉलमध्ये फरशी पुसणाऱ्या, घराच्या दारातच बांधकामाची धूळ खाणाऱ्या बाईच्या खोकल्याला अजून नाव नाही.

आता बाईकडे येते. एवढं सगळं सांगायचं ते तिच्यासाठीच.

साईटवरच्या बाईची नोंद हजेरीवहीत पुष्कळदा नसतेच. नवरा-बायको 'जोडी' म्हणून येतात, मुकादम उचल नवऱ्याच्या हातात देतो, वहीत नाव त्याचं. घमेलं तिच्या डोक्यावर, विटा तिच्या डोक्यावर, राबिट उचलणं तिच्याकडे, कोरडी झाडलोट तर हमखास तिच्याकडे. कुशल म्हणून गवंड्याला मास्क मिळतो, बिगारी बाईला पदर. दगड, रेती, काँक्रीट कापलं की त्यातून स्फटिकरूप सिलिका उडते आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. भरपाई मागायची तर त्या साईटवर, त्या ठेकेदाराकडे काम केल्याचा पुरावा लागतो. वहीत नसलेल्या बाईने तो आणायचा कुठून? एका बाईने मला सरळ विचारलं होतं, "ताई, एक्स-रेत माझं नाव कसं आलं मग?" मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी हीच बाई पत्र्याच्या खोलीसमोर चूल पेटवते. जळण म्हणून सेंटरिंगच्या फळ्यांचे आणि प्लायवुडचे तुकडे असतात. प्लायवुडमध्ये डिंकासारखं रसायन असतं. ते जळताना डोळ्यांतून पाणी येतं, पण फुकट आहे. पर्यावरण मंजुरीच्या पत्रांत एक ठरलेली अट असते. कामगारांना साईटवर स्वयंपाकाचं इंधन, फिरते संडास, पिण्याचं पाणी, औषधपाणी आणि पाळणाघर पुरवावं. म्हणजे मंजुरी देणाऱ्यांना चूल ठाऊक आहे. पाळणाघरही ठाऊक आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच पन्नासपेक्षा जास्त बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरघळला, पाळणाघराचं कलम तिथेही आहे. ठाऊक असलेली ही चूल हवेच्या प्रकरणात मात्र येत नाही. कुंपणाच्या आतली हवा ही 'परिसराची हवा' नव्हेच, असा त्यामागचा तर्क. तिथे राबणारी आणि झोपणारी माणसं परिसरातली नव्हेत.

कुंपणावरूनही थोडं बोलायला हवं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की महापालिकेने २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एक एकरापेक्षा मोठ्या साईटभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान साईटला २५ फूट, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, डेब्रिजच्या गाड्या झाकलेल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला याचा थोडा फायदा होत असेल, नाही म्हणत नाही. पण पत्रा धूळ नाहीशी करत नाही, ती आत ठेवतो. आत कोण आहे? बाहेरच्यांनी जे श्वासातून घेऊ नये ते आतल्यांनी घ्यावं, अशी ती विभागणी आहे, आणि विकासाच्या आतबाहेरची ही रेषा आपल्याला जुनी ओळखीची आहे. गावकुसाच्या कुंपणाची दिशा फक्त उलटी झाली.

कुंपणाच्या पलीकडच्या गल्लीत दुसरी बाई राहते. तिचा प्रश्न वेगळा. तिच्या घरात दिवसातून दोनदा झाडायचं ते चारदा झाडावं लागतं. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात, आणि नळाला पाणी तासभरच. दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर आत गुदमरतं, उघडल्या तर भातावर धूळ बसते. पोराला दमा आहे, आठवड्यातून एकदा पालिकेच्या दवाखान्यात न्यावं लागतं. त्या दिवशी धुण्याभांड्याच्या कामावर खाडा आणि खाड्याचे पैसे कापलेले. सासऱ्यांचा खोकला रात्रभर, उशाशी पाणी ठेवायला उठायचं तिनेच. धूळ ही घरकामाची निर्मिती करते, हे वाक्य कुठल्याच अहवालात मी वाचलेलं नाही. प्रदूषणाचा खर्च कुणी मांडलाच तर औषधं आणि बुडालेली मजुरी मांडतो. पुसलेल्या फडताळाची आणि जागलेल्या रात्रीची मजुरी कुणी धरत नाही, कारण ती कधीच कुणी देत नव्हतं. घरकामाला किंमत लावा ही आपली जुनी मागणी. ती हवेच्या प्रकरणातही लावायला हवी, एवढंच मी म्हणते. हीच बाई गरोदर असेल तर त्या धुळीचा हिशेब आणखी एका जिवाला द्यावा लागतो. बारीक धूलिकणांचा आणि कमी वजनाच्या बाळांचा संबंध जगभरच्या संशोधनातून पुढे आलेला आहे. अहवालातल्या 'संवेदनशील ठिकाणां'च्या यादीत शाळा येते, रुग्णालय येतं, क्वचित देऊळही येतं. सहाव्या महिन्यातली बाई हे ठिकाण नसल्यामुळे येत नाही.

तिसरी बाई कोपऱ्यातल्या पुनर्वसनाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिला घर मिळालं. स्वतःचा संडास मिळाला, आणि जिने आयुष्यभर पहाटेच्या अंधारात रांग लावली तिच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. उगाच झोपडीचं कौतुक मी करणार नाही. पण घराबरोबर हवा कुठली मिळाली? मानखुर्द-गोवंडीच्या तीन पुनर्वसन वसाहतींची 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेली पाहणी २०१८ मध्ये पुढे आली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे क्षयाचं प्रमाण जवळच्याच पीएमजीपी वसाहतीपेक्षा बरंच जास्त आढळलं, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. कारण शोधायला दूर जावं लागलं नाही. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. ऊन येत नाही, वारा येत नाही. नवरा कामाला जातो, मुलं शाळेत जातात. त्या खोलीत दिवसभर कोण असतं? घरीच पापड लाटणारी, मणी ओवणारी, बटणं लावणारी बाई. क्षयाचे जंतू हवेतूनच जातात, पण 'हवेची गुणवत्ता' या मथळ्याखाली ते बसत नाहीत. खोलीतली हवा अहवालाच्या कक्षेत नाही. ज्या टॉवरच्या विक्रीतून हे घर 'फुकट' मिळालं, त्या टॉवरला चोहीकडून वारा यावा म्हणून नकाशा तीनदा बदलतो. याच्या दोन इमारतींत मात्र माणूस हात लांब करून समोरच्याला मीठ देईल इतकी जवळीक चालते.

इथे कुणी म्हणेल, मग बोलायचं ना! मंजुरीच्या आधी जनसुनावणी असते, तिथे उभं राहून हे सांगायचं.

नसते. खाण, बंदर, औष्णिक वीज प्रकल्प यांना जनसुनावणी आहे. कागदोपत्री का होईना, आहे. कोकणातल्या बाया अशा सुनावण्यांमध्ये तास तास उभ्या राहून बोललेल्या आहेत. पण इमारती, वसाहती आणि टाउनशिप यांना २००६ च्या त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून सरसकट वगळलं आहे. २०,००० चौरस मीटर असो की पाच लाख, लोकांना विचारायची गरज नाही. राज्याची तज्ज्ञ समिती कागद बघते, प्रकल्पवाला आणि सल्लागार पडद्यावर चित्रं दाखवतात, प्राधिकरण मंजुरी देतं. दाट वस्तीच्या ऐन मध्यात, हजारो लोकांच्या दाराशी आठ-दहा वर्षं चालणारं काम, आणि ज्यांचं दार आहे त्यांचं म्हणणं ऐकायला कायद्यात अर्धा तासही नाही. माझा या साऱ्या व्यवस्थेवर सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. यंत्राची उंची, ऋतू, सरासरी या गोष्टी सुधारता येतील. पण ज्या प्रश्नांची उत्तरं फक्त तिथे राहणाऱ्या बाईलाच ठाऊक आहेत ते विचारायचेच नाहीत असं ठरवून केलेलं मूल्यमापन कितीही अचूक यंत्रांनी केलं तरी खोटंच असतं.

त्यातही सुटींचा मोह सुटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि औद्योगिक शेड यांच्या १,५०,००० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला मंजुरीच नको असं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. न्यायालयाला सांगावं लागलं की शाळेच्या सिमेंटची धूळ काही सुशिक्षित नसते.

(हे शब्द माझे. न्यायालयाने अर्थात जास्त गंभीर भाषेत सांगितलं.)

धारावीच्या पुनर्विकासाकडे या सगळ्याच्या उजेडात पाहायला हवं, कारण देशातला हा सगळ्यात मोठा मिश्र वापराचा शहरी प्रकल्प ठरणार आहे : घरं, बाजार, कारखाने, ऑफिसं, सगळं एकत्र. कंपनीत ८० टक्के हिस्सा अदानी समूहाचा, २० टक्के राज्य सरकारचा. धारावीची आजची हवा चांगली आहे असं म्हणणं खोटेपणा होईल. कुंभारवाड्यात भट्टी पेटली की धूर पहिल्यांदा कुंभारणीच्याच डोळ्यांत जातो, कारण भट्टी तिच्या दाराशी असते आणि ती लावण्या-काढण्यात तिचे हात असतात. प्लास्टिक वितळवणाऱ्या गाळ्यांमधून काय बाहेर पडतं ते तिथल्या बायांना रसायनशास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही. पण हवेचं कारण पुढे करून तिचा धंदा हलवायचा, आणि तिच्या जागी हजारो गाड्यांचा तळ उभा करून त्याला स्वच्छ म्हणायचं, हा व्यवहार ओळखा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूर भट्ट्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले. धूर कमी झाला तर आपल्याला आनंदच आहे. पाववाल्याला जशी तारीख मिळते तशी तारीख मोठ्या साईटला मिळाल्याचं मात्र माझ्या फारसं पाहण्यात नाही. भट्टी बदलायला कुंभारणीला सरकारने पैसे दिले, गॅसची भट्टी दिली, तिची जागा तिथेच ठेवली, तर ती हवेसाठीची उपाययोजना म्हणता येईल. तिला उचलून दुसरीकडे टाकणं ही उपाययोजना नाही.

दुसरीकडे म्हणजे कुठे? धारावीत 'अपात्र' ठरणाऱ्यांच्या घरांसाठी २०२४ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जमीन ठरवण्यात आली. १९२७ पासून शहराचा कचरा जिथे पडतो ती ही जागा. जानेवारी २०१६ मध्ये तिथे अशी आग लागली की धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला आणि पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आता तो सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा उकरून हलवायचा, मग तिथे घरं. उकरण्याची धूळ खाईल गोवंडी, जिने धारावीचं काही घेतलेलं नाही. पात्रतेचे नियमही बघून ठेवा. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना धारावीत घर नाही. एकट्या, टाकलेल्या, विधवा बाया आमच्या कामात भेटतात त्या बहुधा अशाच पोटमाळ्यांवर. प्रकल्पाच्या हवेचं मूल्यमापन प्रकल्पाच्या नकाशाभोवती वर्तुळ काढून होतं. प्रकल्पाने जिथे माणसं पाठवली ती जागा प्रकल्पाचा परिणाम नाही का? ती त्या वर्तुळात का नाही?

माहुलमध्ये हे एकदा घडून गेलेलं आहे, म्हणून आम्ही घाबरतो. रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारचं ते गाव. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत तिथल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वासाचा त्रास होत असल्याचं दिसलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. हे सगळं लिहून झालेलं असताना, २०१७ पासून तानसा जलवाहिनीकाठच्या झोपड्या पाडून हजारो माणसं त्याच माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत पाठवण्यात आली. एका खात्याच्या कपाटात हवेचा अहवाल, दुसऱ्या खात्याच्या कपाटात घरांच्या चाव्या, आणि दोन्ही कपाटांच्या मध्ये एकही माणूस नाही ज्याने दोन्ही उघडून बघितली. बघितलं ते बायांनी. अंगावर उठणारी खाज, केस गळणं, दम लागणं, घरातली एकामागोमाग मरणं याची यादी त्यांनी ठेवली. २०१८ च्या अखेरीस त्या विद्याविहारला फुटपाथवर पोराबाळांसह येऊन बसल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, आणि ज्यांना पर्यायी घर देता येत नाही त्यांना दरमहा १५,००० रुपये भाड्यापोटी द्या. नुकसानभरपाईच्या भाषेत सांगायचं तर ही भारतातल्या गरीब बायांनी हवेच्या प्रश्नावर जिंकलेली एक मोठी लढाई आहे. पर्यावरणवाल्यांच्या सभांत तिचा उल्लेख 'घरांची केस' म्हणून होतो, आणि आपल्या सभांत, खरं सांगायचं तर, फारसा होतच नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, हवा सगळ्यांची सारखीच, यात स्त्रीप्रश्न कुठला? एवढं लिहिल्यावर तो प्रश्न उरू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहरात घरं हवीत, रोजगार हवा. तुम्ही प्रत्येक इमारतीला आडवं आलात तर गरिबाला घर कधी मिळणार? आम्ही इमारतीला आडवं येत नाही. खर्चाचं बिल कुणाच्या नावावर फाडलं ते विचारतो. ओल्या कापणीचं यंत्र, धुळीसाठी पाण्याचा टँकर, कामगारांना गॅस, पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये आणखी काही मीटर अंतर, या गोष्टींनी प्रकल्प बुडत नाहीत. त्या नसल्या की माणसं बुडतात, आणि ते बुडणं ताळेबंदात दिसत नाही एवढाच फरक.

बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीची सूट रद्द झाली पाहिजे, आणि सुनावणी दुपारी तीनला वातानुकूलित सभागृहात न होता कामावरून बाया परतल्यावर वस्तीत झाली पाहिजे. हवेची मोजणी हिवाळा धरून, आणि छपराबरोबरच माणसाच्या नाकाच्या उंचीवर, कुंपणाच्या आतही व्हायला हवी. पुनर्वसनाची इमारत आणि जिथे माणसं हलवली ती वसाहत हेही प्रकल्पाचाच भाग म्हणून तपासलं जायला हवं. एका विभागातल्या सगळ्या प्रकल्पांची एकत्र बेरीज महापालिकेने करावी आणि ती मराठीत, वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर एक दार उघडं आहे. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने दर १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो कुणालाही मागता येतो. प्रकल्पवालाच तो लिहितो, त्यामुळे त्यात सगळं छान असतं. इंधन पुरवलं, पाळणाघर आहे, मास्क दिले. आमच्या भागातल्या बायांनी यंदा असे तीन अहवाल काढले आणि ओळीओळीने वाचले. पाळणाघराच्या ओळीसमोर 'पूर्तता केली' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ जणी गेटवर गेलो आणि वॉचमनला विचारलं, पाळणाघर कुठल्या बाजूला आहे? तो आत जाऊन सुपरवायझरला घेऊन आला. सुपरवायझरने इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअरने कुणाला लावला ठाऊक नाही. अर्ध्या तासाने आम्हाला सांगण्यात आलं की सोमवारी या. सोमवारी आम्ही पंधरा जणी गेलो.